अल्डरच्या धुरावरची कालवं

धुरी दिलेली कालवं वर्षभर टिकतात असं आमच्या घरात सगळ्यांनी धरूनच ठेवलं होतं आणि आईने तर त्यावर बेतही रचला होता. ती रत्नागिरीची, भाट्याच्या खाडीकाठची. मे महिन्यात सोडे, सुकट, बोंबील डब्यांत भरायचे आणि श्रावण लागेपर्यंत पुरवायचे, हा तिचा आयुष्यभराचा हिशेब. "धूर दिला म्हणजे सुक्यासारखंच ना गो? मग सप्टेंबरात जाताना मी डबाभर घेऊन जाईन," असं तिने विमानतळावरून घरी येताना गाडीतच सांगून टाकलं.

हे सगळं सुरू झालं दुकानातल्या डब्यांवरून. तेलात बुडवलेली, धुराच्या वासाची, बोटाच्या पेराएवढी कालवं चपट्या डब्यांत मिळतात, बहुतेक कोरिया किंवा चीनहून आलेली. आम्ही राहतो बॉथेलला, वॉशिंग्टन राज्यात. अमेरिकेत शिंपल्यांच्या शेतीत हे राज्य सगळ्यांत पुढे. इथे राहून कोरियाचा डबा फोडायचा, हे मला पटत नव्हतं. घरामागे कोळशाची झाकणवाली शेगडी होती, आई आलेली होती, आणि महिना एप्रिलचा होता.

एप्रिल मी मुद्दाम म्हणते. इथली पॅसिफिक कालवं मूळची जपानची. स्थानिक ऑलिंपिया कालवं उपसून उपसून संपत आली, तेव्हा गेल्या शतकाच्या सुरुवातीला जपानहून बीज आणून ही रुजवली. पाणी तापलं की त्यांच्या विणीचा काळ येतो. मग मांस दुधाळ आणि लिबलिबीत होतं आणि धुरावर ते धड उभं राहत नाही. शिवाय गरम पाण्यात व्हिब्रिओ नावाचे जिवाणू वाढतात, म्हणून उन्हाळ्यात कालवं कच्ची खायचीच नाहीत. हिवाळ्यात कालव घट्ट आणि गोडसर असतं, पण तेव्हा मोठ्या ओहोट्या रात्री येतात, आणि कपाळावर दिवा बांधून गारठ्यात चिखल तुडवायची माझी तयारी नाही. एप्रिलमध्ये पाणी अजून थंड असतं आणि चांगली ओहोटी दिवसाउजेडी मिळायला लागते.

ओहोटीचं गणित आईने कॅलेंडर न बघता केलं. अमावास्या कधी, एवढंच विचारलं आणि म्हणाली, "म्हणजे उधाणाचे दिवस. सुकती मोठी लागणार." दिवस बरोबर निघाला. वेळ मात्र चुकली, कारण रत्नागिरीला अमावास्येला दुपारच्या सुमारास भरती असते, आणि आम्ही जिथे कालवं काढायला जाणार होतो त्या हूड कनालला त्याच तिथीला दुपारच्या आगेमागे ओहोटी. तिला हे काही केल्या पटेना. "दुपारी बाराला समुद्र आत? भलतंच." पण या भलत्याच वेळेचे परिणाम इथल्या लोकांनी पाहिलेले आहेत. जून २०२१ मध्ये उष्णतेची लाट आली, २८ तारखेला सिअ‍ॅटलला १०८ अंश फॅरनहाइट झालं, आणि नेमक्या त्या दिवसांत मोठी ओहोटी भर दुपारी होती. उघड्या पडलेल्या किनाऱ्यांवर कालवं आणि तिसऱ्या जागच्या जागी शिजून मेल्या.

हूड कनाल नावाला कनाल. प्रत्यक्षात ती हिमनदीने कोरलेली लांबलचक खाडी आहे. एडमंड्सहून किंग्स्टनला फेरीबोट, पुढे तरंगता पूल, मग खाडीला धरून दक्षिणेकडे. आम्ही डोसेवॉलिप्सच्या सरकारी उद्यानाचा किनारा धरला, तोही आधी राज्याच्या आरोग्य खात्याचा नकाशा बघून. हा नकाशा न बघता जायचंच नाही. समुद्रातल्या काही सूक्ष्म वनस्पतींचं विष शिंपल्यांत साठतं, त्याने माणसाचे स्नायू लुळे पडतात, श्वासही थांबू शकतो. ते विष उकळून जात नाही, धुराने जात नाही, गोठवूनही जात नाही. वासावरून किंवा पाण्याच्या रंगावरून ते ओळखता येत नाही. त्या दिवशी किनारा बंद असेल तर परत फिरायचं, दुसरा इलाज नाही.

आईला खरा धक्का बसला तो वेगळ्याच गोष्टीचा. वाटेत मैलोन्‌मैल कालवांनी भरलेला किनारा दिसत होता आणि मी गाडी थांबवत नव्हते. वॉशिंग्टनमध्ये भरती-ओहोटीच्या मधल्या जमिनीचा बराच भाग खाजगी मालकीचा आहे. १८९५ च्या कायद्यांनी राज्याने कालवांच्या शेतीसाठी अशा जमिनी विकल्या, त्यांचे मालक आजही आहेत. "समुद्राला मालक?" आई म्हणाली, आणि पुढची दहा मिनिटं गप्प बसली. या पाण्यावर सगळ्यांत जुना हक्क मूळ रहिवाशांचा. १८५५ च्या तहात तो त्यांनी राखून ठेवला होता, आणि १९९४ मध्ये न्यायालयाने नैसर्गिक शिंपल्यांच्या निम्म्यापर्यंतचा वाटा त्यांचा असल्याचं मान्य केलं. उरलेल्या वाट्यातून सरकारी किनाऱ्यावर तुम्हाआम्हाला परवाना काढून थोडी कालवं मिळतात.

नियम मोजके पण कडक. माणशी दिवसाला १८ कालवं. प्रत्येकाचं भांडं वेगळं. शिंपला अडीच इंचांहून लहान असेल तर हात लावायचा नाही. पाहुण्यांनाही परवाना मिळतो, थोडा महाग, तो आईचा काढला होता. आणि सगळ्यांत महत्त्वाचं, कालव किनाऱ्यावरच उघडायचं, आतलं मांस घ्यायचं आणि शिंपला जिथे सापडला तिथेच, त्याच पातळीवर सोडायचा. कारण कालवाचं पिल्लू पाण्यात तरंगत तरंगत शेवटी जुन्या शिंपल्यालाच चिकटून बसतं. शिंपले घरी नेले तर पुढच्या पिढीला बसायला जागा उरत नाही.

आईला हे समजावायची गरजच पडली नाही. भाट्याला बायका खडकावर बसूनच कालवं फोडतात, वरचं कवच उडवतात, गर काढून घेतात, खालचं कवच खडकालाच राहतं. पण इथलं कालव हाताएवढं, कवचाच्या कडा झालरीसारख्या आणि पात्यासारख्या धारदार. ठोकून फोडलं तर गरात कच पडते. मी जाड हातमोजा घालून, खोलगट बाजू खाली धरून, बिजागरीत आखूड सुरी रोवून पिळत होते. आईने थोडा वेळ पाहिलं, मोजा नको म्हणाली, मग बोटाला ओरखडा आल्यावर निमूटपणे घातला, आणि माझ्या दुप्पट वेगाने तिचा वाटा संपवला. झाकण सैल झालं की सुरी वरच्या कवचाला घासत आत सरकवायची, कालवाला धरून ठेवणारा स्नायू कापायचा. गर आणि त्याचा रस थेट काचेच्या बरणीत, बरणी बर्फाच्या पेटीत. दोघींची मिळून छत्तीस कालवं, दोन बरण्यांत. एवढ्या मोठ्या प्रवासाला ती थोडीच वाटतात, आणि धुरावर अजून आटतात.

घरी आल्यावर पहिलं काम गर त्यांच्याच रसात उकळायचं. गर उचलून बाजूला काढले, रस दोनदा पातळ फडक्यातून गाळला, कारण तळाशी वाळू बसतेच. रस पातेल्यात तापवला, कमी वाटला म्हणून थोडं पाणी घातलं, आणि गर त्यात सोडले. पुन्हा उकळी आली की तीन मिनिटं, किंवा कडा कुरळ्या होईपर्यंत. हे केल्याशिवाय ओलं कालव जाळीवर ठेवलं तर ते जाळीतून खाली लोंबतं. आणि त्याहून मोठं कारण म्हणजे शिजण्याचं काम आपण धुरावर सोपवत नाही. आरोग्य खातं कालवाच्या आत १४५ अंश फॅरनहाइट, म्हणजे ६३ सेल्सिअस, किमान पंधरा सेकंद गाठायला सांगतं. उकळताना ते सहज गाठलं जातं, मंद शेगडीच्या भरवशावर बसावं लागत नाही.

मग खारं पाणी. त्यातलाच थोडा रस आणि साधं पाणी मिळून एक लिटर, ५० ग्रॅम मीठ, ४० ग्रॅम गूळ, ठेचलेली लसूण, थोडे मिरे. इथल्या पाककृतींत तपकिरी साखर असते. गूळ आईचा, आणि तो मला जास्त आवडला, गोडी बोचत नाही. पाणी पूर्ण गार करून त्यात गर तासभर फ्रिजमध्ये. मोठ्या कालवांना थोडं जास्त चालतं, पण रात्रभर ठेवली तर खाताना फक्त मीठच लागतं.

आता येतो तो टप्पा ज्याला बहुतेक लोक एका ओळीत उरकतात आणि ज्यावर सगळं अवलंबून आहे. वाळवणं. सुक्या मासळीसारखं आतपर्यंत नाही, फक्त वरून. खाऱ्या पाण्यातून काढलेलं कालव नुसतं ओलं असतं, आणि ओल्या पृष्ठभागावर धूर नीट बसत नाही. तिथे वाफ थिजते, धुराचे कण पाण्यात मिसळून ओघळतात, चव आंबट-कडवट होते आणि रंग ठिगळांसारखा येतो. वरचं पाणी गेलं की प्रथिनांचा एक पातळ, चकचकीत, किंचित चिकट पापुद्रा उरतो. धूर धरतो तो हा पापुद्रा.

मी स्टीलच्या जाळीला तेलाचं बोट फिरवलं, कालवं कागदाने हलकेच टिपली आणि एकमेकांना न लागतील अशी मांडली. आई म्हणाली, उन्हात ठेव. एप्रिलमध्ये बॉथेलला ऊन. मी खिडकीकडे बोट दाखवलं, बाहेर रिपरिप चालू होती. मग जाळी उघडीच फ्रिजमध्ये ठेवली. फ्रिजची हवा थंड आणि कोरडी असते, हे काम ती रात्रभरात छान करते, खराब व्हायची भीती नाही. घाई असेल तर गार गॅरेजमध्ये पंख्यासमोर तासभर चालतं, पण रात्रभराची सर त्याला नाही. सकाळी आईने बोटाची मागची बाजू लावून पाहिली. बोट चिकटत होतं, पण ओल लागत नव्हती. "पापडाची लाटी अशीच लागते वाळत घालायच्या आधी," ती म्हणाली. बाकी कुठल्या परीक्षेची गरज नव्हती.

शेगडी पेटवायला नवरा पुढे. तो वऱ्हाडातला, कालव तोंडात घालणार नाही, पण आग दिसली की बाजूला होत नाही. गोल शेगडीच्या कडेने कोळशाच्या विटकुळ्यांची दुहेरी ओळ अर्ध्या परिघापर्यंत मांडायची आणि एका टोकाला पाच-सहा पेटत्या विटकुळ्या ठेवायच्या. आग उदबत्तीसारखी हळूहळू पुढे सरकते आणि शेगडी तासन्‌तास मंद राहते. ओळीवर थोड्या थोड्या अंतराने अल्डरच्या लाकडाचे सुके तुकडे. मध्ये पाण्याचा ट्रे. खालची झडप पाव उघडी, वरची पूर्ण. पेट्रोलचा वास येणारं पेटवण्याचं द्रव्य अजिबात नको, कालवं तो वास आधी उचलतात. आणि हे सगळं अंगणातच करायचं. गॅरेजचं दार उघडं ठेवून आत शेगडी लावणारे लोक आहेत. कोळशातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइड या विषारी वायूला वास नसतो.

अल्डर हे इथलं नदीकाठचं झाड. वायव्येचे मूळ रहिवासी पिढ्यान्‌पिढ्या त्याच्यावर सामन मासे धुरवत आले आहेत. धूर मवाळ, किंचित गोड. हिकरीचा धूर कालवाला दडपून टाकतो, मग खाताना लाकूडच लागतं. आईने करवंटीचा विषय काढला. आपण मटणाला किंवा डाळीला करवंटीच्या निखाऱ्यावर तूप सोडून धुंगार देतो, ती चव वेगळी, दोन मिनिटांची, झणझणीत. दीड तास तो धूर नको.

पहिला धूर पांढरा, दाट आणि डोळ्यांना झोंबणारा असतो. तेव्हा जाळी ठेवायची नाही. लाकूड नीट पेट घेईपर्यंत तो तसाच येतो, आणि त्यातलं काळपट डांबर मांसावर बसतं. वीस-पंचवीस मिनिटांत तो पातळ होतो, उजेडात धरून पाहिला तर निळसर दिसतो. मग जाळी आगीच्या विरुद्ध बाजूला ठेवायची, झाकण असं लावायचं की वरची झडप कालवांच्या डोक्यावर येईल. धूर वर जाताना त्यांच्यावरूनच जातो.

तापमान १८० ते २०० अंश फॅरनहाइट, म्हणजे ८२ ते ९३ सेल्सिअस. नवऱ्याला दर पाच मिनिटांनी झाकण उचलून बघायचं होतं. आईने त्याला जावईबापू म्हणत म्हणत चहाला आत बोलावलं, आणि ते बरं केलं. झाकण उचललं की हवा आत जाते, कोळसा भडकतो, तापमान चढतं. सव्वादोनशेच्या पुढे कालव रबरासारखं होतं आणि मग त्याचं काही करता येत नाही. मध्ये एकदाच झाकण काढून जाळी फिरवली आणि कालवं उलटली, कारण सरकणारी आग एका कडेला जास्त जवळ येते. दीड तासाने ती तांबूस झाली, कडा गडद, आकार ओल्या गराच्या निम्म्याच्या आसपास. लहान होती ती आधी काढली. बोटाने दाबली की दबतात पण परत वर येतात, इतपतच ठेवायची. अजून ठेवली असती तर चिवट झाली असती, आणि चिवट कालव म्हणजे चघळायचा उद्योग.

गरम असताना धूर जरा उग्र लागतो. फ्रिजमध्ये रात्र काढल्यावर तो आत मुरतो, मग मीठ, गोडी आणि समुद्राची चव वेगवेगळी कळते. आम्हाला धीर नव्हता. तांदळाची भाकरी, चिरलेला कांदा, लिंबू, आणि उभ्या उभ्याच.

आता टिकण्याची गोष्ट. उरलेल्या कालवांवर आईने बरणीत शेंगदाण्याचं तेल ओतायला घेतलं होतं. "तेलाखाली काही होत नाही. लोणचं नाही का राहत?"

"आई, लोणचं आंबटपणाने आणि मिठाने राहतं. तेल नुसतं वर असतं."

"आणि सुकट?"

"सुकटीत पाणीच उरत नाही. यात आहे बघ, दाबल्यावर रस येतो."

खरा धोका तेलाखालीच आहे. बॉट्युलिझम या जीवघेण्या विषबाधेचे जिवाणू हवा नसेल तिथे वाढतात, आणि तेल हवा बंद करतं. त्यांच्यातला मासळीशी जोडलेला एक प्रकार तर चार-पाच अंश सेल्सिअसलाही वाढतो, म्हणजे बऱ्याच घरांतल्या फ्रिजमध्ये. त्यांच्या विषाला वास नसतो, चव नसते. एका लिटरला ५० ग्रॅमचं तासाभराचं खारं पाणी आणि दीड तासाचा धूर यांनी हे अडत नाही. एवढं मीठ चवीपुरतं, धूरही चवीपुरताच. पूर्वी जी धुरवलेली मासळी खरंच टिकायची, ती जबर खारवलेली आणि दिवसेंदिवस धुरावर वाळवलेली, काठीसारखी कडक असायची. तशी कालवं केली तर ती खायला दातांचा विमा काढावा लागेल.

दुकानातला डबा टिकतो कारण तो हवाबंद करून नंतर मोठ्या दाबाच्या वाफेत शिजवलेला असतो. प्रेशर कॅनरमध्ये घरी करता येईल का, हे मी शोधलं. अमेरिकेच्या कृषी खात्याच्या घरगुती डबाबंदीच्या पद्धतींत धुरवलेल्या माशांसाठी वेळ दिलेली आहे, पण धुरवलेल्या इतर सागरी खाण्यासाठी सुरक्षित वेळ ठरलेली नाही, ते गोठवा असं स्पष्ट म्हटलं आहे. आपला भाजी शिजवायचा कुकर तर या कामाचाच नाही. प्रश्न तिथेच मिटला.

म्हणून आमची पद्धत अशी. चार-पाच दिवसांत संपतील तेवढी कोरडीच, झाकणाच्या डब्यात, फ्रिजच्या सगळ्यात थंड कोपऱ्यात. तेल वाढायच्या वेळी. बाकीची जाळीवर सुटी गोठवून मग पाकिटात, हवा दाबून काढून, वर तारीख. दोन-तीन महिन्यांत संपवायची, पुढे वाईट होत नाहीत पण धूर शिळा लागायला लागतो. बाहेर काढताना आदल्या रात्री फ्रिजमध्ये सुटू द्यायची, आणि सुटायच्या आधी पाकीट कापून उघडायचं, म्हणजे तिथेही हवा बंद राहत नाही.

आईला हे सगळं मान्य झालं, पण नुसती खाण्यात तिला राम वाटेना. तिने बारीक चिरलेला कांदा तेलात लाल होऊ दिला, हळद, तिखट, आमसुलं, मूठभर ओलं खोबरं, आणि गॅस बंद करून मग कालवं. मीठ घातलंच नाही, त्यांच्यात होतंच. शिजवायची नाहीत, फक्त गरम मसाल्यात घोळवायची, नाहीतर आकसतात. आमसुलाचा आंबटपणा धुराच्या गोडीला बरोबर धरतो, लिंबापेक्षा कितीतरी बरा. उकळताना उरलेला रस तिने मी सिंककडे नेत असताना हातातून काढून घेतला आणि त्यात भात लावला. नवऱ्याने तो भात दोनदा घेतला. त्यात काय आहे ते त्याला जेवण झाल्यावर सांगायचं आमचं ठरलं होतं.